कोळंबीचा दोरा

पूर्णा गावात कुणाकडे हळद असो की बारसं, कोळंबी साफ करायला जानकीबाईला बोलावणं ठरलेलं. बाकीच्या बायका पाटीभोवती बसून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. ही मान खाली घालून एकेक कोळंबी हातात घेई, पाठीवर चीर देई आणि आतला काळा दोरा अलगद ओढून काढी. मोठ्या कोळंबीचा दोरा सगळ्याच काढतात. बोटाच्या पेराएवढ्या कोळंबीचाही काढणारी ही एकटीच. नव्या सुना हसत. "मावशी, हिचा पन? मंग जेवान उद्या वाढायचं का?" जुन्या बायका त्यांना डोळ्यांनीच दटावत, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं.

दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं. तिने खाल्लेला खाडीचा चिखल, बारीक रेती, सगळं त्यात असतं, आणि तो राहिला की दाताखाली कचकच येते. जानकीबाईच्या हातून तो एकदाच राहिला. तेव्हा तिचा मोतीबिंदू पिकत चालला होता आणि ते कबूल करायला ती तयार नव्हती. मोठा मुलगा धनेश शिफ्टला निघायच्या घाईत जेवायला बसला होता. गावाच्या भातखाचरांवर गोदामं उठली, त्यातल्याच एकात त्याची ड्युटी. पहिल्याच घासाला रेती लागली आणि त्याने ताट सारलं.

"आये, दिसत न्हाय तं रांधतेस कशाला?"

म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईला याहून झोंबणारं काय असणार? "नको खाव. उपाशी जा," ती म्हणाली.

तो डबाही न घेता गेला. तिने रागाच्या भरात टोपातलं सगळं कालवण मांजरांपुढे ओतलं. दुपारी गोदामात मालाची थप्पी कोसळली आणि धनेश तिच्याखाली सापडला. घराबाहेर पडणाऱ्याला "जा" म्हणू नये, "ये" म्हणावं, एवढं साधं तिला कुणी शिकवायला नको होतं. उपाशी जा म्हटलं आणि तो उपाशी गेला. त्यानंतर डोळ्याचं ऑपरेशन झालं, बारीकातलं बारीक दिसू लागलं, आणि त्या लख्ख दिसण्याचं तिला दुःखच झालं. कोळंबीचा घास मात्र तिने पुन्हा तोंडात घातला नाही.

धाकटी मृणाली मुंबईला हॉस्टेलवर राहून दगडांतल्या जुन्या प्राण्यांचं शिकते. परवा ती सुट्टीवर आली. आई मागच्या पडवीत कोळंबी साफ करत होती. मृणालीने शेजारी बसून मोबाइल पुढे केला.

"हे बघ आई. ट्रायलोबाइट. कोळंबी-चिंबोरीच्या गोतावळ्यातलाच, पण कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. त्याचा दगड झालाय."

जानकीबाईने चित्र डोळ्यांजवळ नेलं. कवचाच्या मधोमध एक जाडसर पट्टा होता.

"दोरा हाय ह्याचा," ती म्हणाली.

"हो, दोराच. आणि तो शिंपल्यांच्या तुकड्यांनी गच्च भरलाय. त्याच्या पोटात आंबट रस नसावा, म्हणून शिंपले विरघळले नाहीत. मेल्यावर दुसरे जीव त्याला खायला आत शिरले, पण पोटाला कुणी शिवलं नाही. तो मेल्यावरही आतलं पचन चालूच होतं, असं म्हणतात."

"मेल्यावर बी पचतं?"

"थोडा वेळ."

जानकीबाईच्या हातातली कोळंबी हातातच राहिली. "म्हंजे तो जेवूनशी मेला."

"पोटभर जेवून."

"काय खाल्लं ते येवढ्या वर्सांनी बी कलतं?"

आपण कुठे येऊन पोचलो ते मृणालीला आता उमगलं. धनेशचं पोस्टमॉर्टेम झालं तेव्हा डॉक्टरांशी बोलायला तीच उभी होती. डॉक्टर काय म्हणाले ते तिने घरात सांगितलं नाही आणि आईने कधी विचारलं नाही. आज आईने विचारलं.

"मंग माज्या धनेशच्या पोटात काय व्हतं गो?"

मृणालीने पाटीत हात घालून उगाच एक कोळंबी उचलली. "भरलेलं होतं, आई. डॉक्टर म्हणाले, नीट जेवून आला होता."

"काय जेवला व्हता?"

"भात. आणि कोळंबी."

घासावरून भांडण झालं, एवढंच या पोरीच्या कानावर होतं. कालवण मांजरांनी खाल्लं, डबा फळीवरच राहिला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जानकीबाईला ते चाटूनपुसून बसलेलं मांजर आठवलं. पोरगी खोटं बोलते आहे. खोटं बोलावं लागतंय म्हणजे पोट रिकामंच होतं. इतकी वर्षं मनाच्या एका कोपऱ्यात तिने आशा धरली होती, की वाटेत वडापाव तरी खाल्ला असेल त्याने. ती आशाही आता गेली.

तिने उरलेली कोळंबी साफ केली, चुलीवर कालवण ठेवलं आणि भात उतरल्यावर ताट वाढून मृणालीपुढे सरकवलं.

"आई, तू?"

"तू जेव," जानकीबाई तिच्यासमोर बसत म्हणाली. "तुजं पोट भरलेलं मना माज्या डोल्यांनी बगूं दे."