भाड्याचं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि वहिनी पत्रिकेत आल्या

पत्रिका, बॅनर, लेबलं करणाऱ्या माझ्या कर्जत-खालापूरच्या दोस्तांनो... डोळे आपले, बोटं आपली, गिऱ्हाईक आपलं, आणि फाईल मात्र भाड्याची! महिन्याचं भाडं चुकलं की स्वतः टाइप केलेलं नाव स्वतःलाच बदलता येत नाही. किती वर्षं मुकाट्याने सोसतोय आपण हे?

परवा मंगळवारी माझ्याच दुकानात हे घडलं. दुपारी दोनला कळंबकडचे बळीरामदादा धापा टाकत आले. त्यांच्या लेकीची, प्रतीक्षाची लग्नपत्रिका माझ्याकडे होती. प्रूफ त्यांनीच आदल्या दिवशी पास केलेलं, आणि चारच्या आत फाईल चौक गावातल्या प्रेसला पाठवायची होती.

"ताई, थांबवा! आमचा दादा ऱ्हायला ना..."

राहिला नव्हता, मुद्दाम गाळला होता. रिसॉर्टवाल्याला शेतातून वाट द्यायची की नाही, यावरून दोघा भावांचं चार वर्षं बोलणं बंद. पण सोमवारी संध्याकाळी थोरले दामूदादा आपण होऊन घरी आले आणि म्हणाले, "पोरीच्या मांडवाचं बांबू माज्या वाडीतलं." आता निमंत्रकांत त्यांचं नाव नसलेली पत्रिका त्यांच्या हाती पडली असती तर? आपल्याकडे अशाने माणूस लग्नाला येत नाही... आणि पुन्हा कधीच येत नाही.

मी म्हटलं, मिनिटाचं काम आहे. फाईल उघडायला गेले तर स्क्रीनवर पाटी... तुमची वर्गणी संपली आहे. माझं बँकेचं कार्ड बदललं होतं, त्यामुळे हप्ता गेलाच नव्हता. नवं कार्ड टाकलं, नाकारलं. पुन्हा टाकलं, पुन्हा नाकारलं.

"काय झालं, ताई?"

"माझीच फाईल मला उघडू देत नाहीत, दादा."

"म्हंजी आमच्यावानीच की! शेत आमचं आन वाट रिसॉर्टवाल्याची."

आधी संतापले. मग शरमले. गेल्या जयंतीच्या सभेत याच तोंडाने स्वावलंबनावर पाऊण तास बोलले होते मी! त्या जोशात एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवूनही घेतलं होतं, आणि ते तेव्हापासून कंप्युटरवर तसंच पडून होतं. का? तर सवय. आणि "प्रोफेशनल लोक असलं काही वापरत नाहीत" ही ऐकीव अक्कल.

उघडलं ते. बळीरामदादांना व्हॉट्सॅपवर पाठवलेली पीडीएफ त्यात घेतली. गणपती जागेवर, वेलबुट्टी जागेवर... पण नावांची पार खिचडी! आपले जुने मराठी फॉन्ट त्याला ओळखता येईनात. माणसांच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं.

एकच मार्ग उरला. मोबाइलवर आपण जे मराठी टाइप करतो, त्याच साध्या फॉन्टमध्ये सगळी नावं नव्याने घालायची. मी म्हटलं, "दादा, बसा. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"पयला दादा. माज्या वर." एवढं बोलून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई... वयनीचं नाव टाकता येल?"

निमंत्रकांत बायकांची नावं नसतात. शेवटी 'समस्त परिवार' लिहिलं की सगळ्या त्यात आल्या.

"तिनंच धाडला वो दादाला. आमी दोगं चार वरसं गप, पन ती आन आमची मंडळी बोलत व्हत्या. आमाला पत्ता नाय."

"मग तुमच्या मंडळींचं काय?"

"टाका, टाका! नायतर मला घरात घेनार नाय."

मग काय... प्रत्येक नावाला जोड मिळत गेली. काकू, आत्या, विहिरीपलीकडच्या चुलतीसुद्धा. बळीरामदादांना दोघींची नावंच आठवेनात, फोन करून विचारली! आणि जोडाक्षरं अशी सुरेख बसत होती की मी खुर्चीतून उठून ओरडले, "जमतंय दादा, जमतंय!" शेजारचा चहावाला बघायला आला.

चारला दहा कमी असताना फाईल गेली. प्रेसवाल्याचा फोन आला, "ताई, ही कशात केली?"

"उघडली का नाही, ते सांग."

"उघडली की. झकास हाय."

कबूल करते, एकाच रंगाची पत्रिका होती म्हणून सोपं गेलं. शॉर्टकट वेगळे, बोटं दहादा चुकली. मोठं रंगीत काम अजून करून बघायचंय. पण भीती गेली, दोस्तांनो! वीस वर्षांची भीती सव्वा तासात गेली.

आणि एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. जुनी फाईल उघडली असती, तर एक ओळ घुसवून मी दादांना वाटेला लावलं असतं. वर्षानुवर्षं तेच करत आले... जुनी फाईल उघडायची, नावं बदलायची, 'समस्त परिवार' तसाच ठेवायचा. समतेवर भाषणं ठोकणाऱ्या मला, बायका कुठे आहेत, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

आज सकाळी बळीरामदादांचा फोन आला. देवापुढे ठेवून झाल्यावर पहिली पत्रिका थोरल्या घरी गेली. "ताई, वयनीनं नाव वाचलं आन पत्रिका कपाटात घातली, वर कुलूप! दादा म्हनतो, मला दुसरी दे."

तर दोस्तांनो, एकच करा. येत्या रविवारी असं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्यांची नावं पहिल्या कमेंटमध्ये दिली आहेत. आणि हातातलं एक खरं काम, एकच, पहिल्या अक्षरापासून त्यात पुरं करा.