दोन ठोके

माझे मामा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि स्वतः मात्र जिन्याने चढायचे. चौथ्या मजल्यावरच्या घरी पिशव्या घेऊन धापा टाकत येताना दिसले की शेजारी म्हणायचे, "हलवायाला गोडाचा कंटाळा!" मामा हसून सोडून द्यायचे. मलाही ती गंमतच वाटायची.

ज्यात गंमत नव्हती अशी दुसरी एक सवय त्यांना होती. जेवताना, दाढी करताना मामा मधेच थबकायचे आणि कान टवकारायचे. "कुणी ठोकलं का गं?" मामी म्हणायची, "कुणी नाही. जेवा गुमान." तरी उठून दार उघडून बघायचे. वरच्या घरात कुणी खिळा मारला, नळाच्या पाइपात हवा अडकून खटखट झाली, की चेहरा पांढराफटक. ताटातलं निवून जायचं.

त्यामागची गोष्ट मला मामांनीच सांगितली, तीही फार उशिरा.

तरुणपणी त्यांचा कामावरचा जोडीदार होता गवई. खरा गवई नव्हे. अखंड गुणगुणायचा, तेही बेसूर, म्हणून ते नाव पडलेलं. एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट बिघडली होती. गवई लिफ्टच्या टपावर उभा राहून रुळांना ग्रीस लावत होता. मामा वर मशीनरूममध्ये, मेन स्विचपाशी. हाक पोचत नसे, म्हणून दोघांची खूण ठरलेली: काम उरकून गवईने पान्याने रुळावर दोन ठोके मारले की स्विच टाकायचा. खाली लोक खोळंबले होते, मॅनेजर जिन्यातून बोंबलत होता. मामांनी स्विच टाकला. लिफ्ट वर सरकली. गवईच्या डोक्यावर छत होतं, सरकायला जागा नव्हती.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "खूण मिळाली होती?"

"मिळाली होती. दोन ठोके ऐकले मी."

झालं. चूक मयताच्या माथी गेली. निष्काळजी होता, काम संपायच्या आत ठोकलं, असं सगळे म्हणू लागले. गवईची बायकोही तेच म्हणायची. मामा तिच्या घरचा नळ, पंखा, कुलूप सगळं दुरुस्त करून द्यायचे. ती त्यांना भाऊजी म्हणायची, ते तिला वहिनी, आणि ती चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. तो चहा कसा घशाखाली उतरायचा, देव जाणे.

मामा रविवारी मामीबरोबर चर्चला जायचे, पण बसायचे शेवटच्या बाकावर. प्रसाद घ्यायला कम्युनियनची रांग पुढे सरकली तरी हे जागचे हलायचे नाहीत. फादरांपुढे पापाची कबुली द्यायची, त्या कन्फेशनचं तर नावच नको.

मग चर्चमध्ये नवे फादर आले. अंगाने थोराड, एक पाय किंचित ओढत चालायचे. पहिल्याच प्रवचनात म्हणाले, "डॉक्टरसमोर आपण आ करून जीभ दाखवतो. माझ्यासमोर आलात की दातखीळ बसते. मी कडू औषध देत नाही हो!" लोक हसले. दर शनिवारी संध्याकाळी फादर कन्फेशनच्या कोठडीत जाऊन बसायचे, कुणी येवो न येवो. हळूहळू माणसं येऊ लागली. एक म्हातारी म्हणाली, "ओरडत नाहीत ते. पाप सांगताना दुखणं सांगितल्यासारखं वाटतं."

एका शनिवारी मामी आत प्रार्थना करत होती, तेव्हा मामांनी त्या कोठडीत एक पाय टाकला. अरुंद जागा, अंधार, चारी बाजूंनी फळ्या. घामाने निथळत ते मागे फिरले. फादरांनी पावलं ऐकली असावीत.

पुढच्या शनिवारी चर्चमागच्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. फादर म्हणाले, "त्या खोक्यात मलाही गुदमरतं. इथे वारा आहे. बसा."

"मला काही सांगायचं नाही, फादर."

"मग नुसते बसा."

असे कित्येक शनिवार दोघे नुसते बसले. फादर पावसापाण्याचं, गुडघ्याचं बोलायचे. एकदा चर्चमध्ये सुतार बाक ठोकत होता. ठक, ठक. मामा ताडकन उठून उभे राहिले.

फादरांनी हळूच विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

मामा मटकन खाली बसले. फादरांनी कन्फेशन ऐकताना घालायचा जांभळा पट्टा खिशातून काढून गळ्यात घातला, तोंड दिसू नये म्हणून खुर्ची वळवली. मामांनी सगळं सांगितलं. फादरांनी एवढंच विचारलं, "ठोके ऐकले होते का?"

"नाही. त्या दिवशी मला पक्कं माहीत होतं, नाही ऐकले. पण 'ऐकले, ऐकले' इतक्यांदा म्हणालो, फादर, की आता ते खरंच ऐकू येतात."

फादरांनी क्षमेची प्रार्थना म्हटली. मग म्हणाले, "हे माझ्या तोंडून कुठेही जाणार नाही. देवाने तुम्हाला क्षमा केली. पण गवईच्या माथ्यावरचा डाग माझ्या हाताने पुसला जात नाही."

"वहिनींना सांगू? त्यांनी माफ नाही केलं तर?"

"कदाचित नाही करणार. माफी मागून आणायला जाऊ नका. तिचा नवरा तिला परत द्यायला जा. जमेल तेव्हा."

जमायला बरेच दिवस लागले. वहिनी शिलाई मशीनवर होती. "बसा भाऊजी," म्हणाली. मामांनी उभ्याउभ्याच सांगितलं. मशीन थांबलं. वहिनीने सुईखालचं कापड काढून बाजूला ठेवलं.

"त्या सकाळी भांडले होते मी त्यांच्याशी. बेफिकीर आहात म्हणाले होते. आणि तुम्ही ते खरं करून दाखवलंत. इतकी वर्षं मी मेलेल्या माणसावर चिडत राहिले, भाऊजी." मग दाराकडे बोट केलं. "या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

मामांनी कंपनीत जाऊन जबाब बदलला. नोकरी गेली. मामी खूप रडली, पण आडवी आली नाही. फादरांची दुसरीकडे बदली झाली. जाईपर्यंत त्यांनी तो विषय मामीजवळसुद्धा काढला नाही. आणि ठोके? ते थांबले नाहीत. मामा आता उठून दार उघडत नसत, एवढंच. ताटावर बसून ऐकत राहायचे.

एका दुपारी मात्र खरंच दार वाजलं. मी उघडलं. गवईची मुलगी होती. बाप गेला तेव्हा पाळण्यात होती, आता चांगली बाई झाली होती. मामा भिंतीला टेकून उभे राहिले.

"आईला माहीत नाही मी आलेय," ती म्हणाली. "भांडायला नाही आले. आमच्या घरी बाबांचं नावच काढायचं नाही, अशी रीत होती. तुम्ही त्यांच्याबरोबर होतात. कसे होते ते?"

मामांनी तिला बसायला खुर्ची दिली. मग आठवेल तसं बोलू लागले. गवई दुसऱ्याचा डबा आधी कसा उघडायचा, साहेबांच्या चालीची नक्कल कशी करायचा, एकदा साहेब मागेच उभे असताना कशी केली. मुलगी आधी नुसती बघत राहिली, आणि मग हसली. उशिरा सुरू होणारं आणि सुरू झालं की न आवरणारं हसू.

मामा बोलायचे थांबले. नजर तिच्या खांद्यामागे कुठेतरी खिळली.

"काय झालं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तो असाच हसायचा," मामा म्हणाले.

ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "साहेब मागे उभे होते. मग?"