विलासभाऊंचे हॉर्न आणि वहिनींचा टेम्पो

विलासभाऊंकडे चहाला गेलं की एक तरी किस्सा घेऊनच परतावं लागतं. आधी मी ते वहीत लिहून ठेवायचो. वही भरली, मग सोडून दिलं. सगळ्याचं मूळ म्हणजे त्यांच्या समोरच्या खोलीतले दोन हॉर्न. सौंसरची जुनी टॉकीज बंद पडली तेव्हा पडद्यामागचे हे लाकडी स्पीकर भाऊंनी पांढुर्ण्याला आणले. एकेक कपाटाएवढा, आणि तोंड असं की आत बकरी आरामात बसावी.

ते दारातून शिरेनात, म्हणून भाऊंनी खिडकीची चौकट काढली. हॉर्न आत गेले आणि सोफा बाहेर आला. तो अजून ओसरीतच आहे.

*

भाऊंकडे गाणी ऐकायला जमणाऱ्या आमच्यातले सुधाकर गुरुजी कानाचे पक्के. दर रविवारी डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात. एकदा म्हणाले, "आज आवाज लय गोड आहे. अँप्लिफायरचा व्हॉल्व्ह बदलवला काय जी?"

भाऊंनी काहीच बदलवलं नव्हतं. दोघांनी अर्धा तास वायरी तपासल्या. तेवढ्यात वहिनी आल्या आणि उजव्या हॉर्नच्या तोंडातून दोन गोधड्या ओढून काढल्या. डाव्यातून संत्र्यांची टोपली निघाली. घरात ठेवायला दुसरी जागाच उरली नव्हती. तेव्हापासून गुरुजी गोधड्या आत घालूनच ऐकतात.

*

भाऊंचा अँप्लिफायर डब्याएवढा, पण हॉर्नला तेवढा पुष्कळ होतो. एका सकाळी जाम नदीपलीकडून, सावरगावहून फोन आला. भाऊ माफी मागायच्या तयारीत होते. पलीकडचा म्हणाला, मघाचं गाणं पुन्हा लावा, आंघोळीच्या नादात अर्धं सुटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात, तेव्हा सावरगावहून आमच्याकडे दगड येतात. फर्माईश ही पहिलीच!

*

वहिनींचा संयम मात्र संपला. गोटमारीला घर पाहुण्यांनी भरतं. "पाव्हण्यायले काय भोंग्यात बसवू?" असं विचारून त्यांनी स्वतःच रामाकोना गावच्या मंडप-डेकोरेशनवाल्याला फोन केला. हॉर्न त्याला देऊन टाकायचे ठरले. भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. मलाही फार वाईट वाटलं.

टेम्पो दारात लागला. भाऊ म्हणाले, शेवटचं एकदा लावतो, आणि त्यांनी वडिलांनी म्हटलेल्या भजनाची कॅसेट काढली. वडील, म्हणजे वहिनींचे मामाजी, जाऊन बरीच वर्षं झाली. म्हातारा जुन्या वळणाचा. घरात शिरण्याआधी अंगणातूनच खाकरायचा, म्हणजे सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा. कॅसेटमध्येही भजनाआधी तो खाकरला होता, हे आम्हा कोणाच्याच लक्षात नव्हतं.

हॉर्नमधून खाकरल्याचा आवाज आला, अगदी खोलीतूनच यावा तसा. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या त्या डोक्यावर पदर घेऊनच. भजन सुरू झालं. त्या दारापाशी मान खाली घालून उभ्या राहिल्या.

टेम्पोवाल्यानं आत डोकावून विचारलं, उचलू काय?

वहिनी हळूच म्हणाल्या, "आत्ता नाही, बाप्पा. मामाजी भजन म्हणून राह्यले."