घासलेली लक्ष्मी

रिठदला आमच्याकडे जुनी भांडी घ्यायला एक माणूस आला होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. परक्याशी बोलायला मला धीर होत नाही. सासूबाईंचा पितळी सुपारीचा डबा त्याला फार आवडला. झाकणावर दोन हत्तींमध्ये बसलेली लक्ष्मी आहे. माणूस मोठा भाविक. त्याने चपला काढून लक्ष्मीला हात जोडले आणि लगेच तिला पालथी करून बूड तपासलं. आमच्या ह्यांनी आईला न विचारताच डबा द्यायचं कबूल केलं. "उद्या नेतो," म्हणून तो गेला.

सासूबाई रोज त्यातलीच सुपारी खातात. तो गेल्यावर चिंच आणि राख घेऊन त्यांनी डबा सोन्यासारखा घासला.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि डबा पाहून डोक्याला हात लावून खालीच बसला. "अवो माय, घासला कायले? त्याचं सारं जुनेपण गेलं ना!"

"मंग लक्ष्मीले मळक्या तोंडानं धाडू काय?"

"पण लोकायले जुनंच पाह्यजे."

"तं मले घेऊन जाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी अडकित्ता उघडला.

जुन्या वस्तूंची एवढी पारख असलेला माणूस, पण रिकाम्या हातानं गेला.