मशिदीच्या दारातली माही फुंकर

अर्धा कप चहा पाजता अन् माह्या इज्जतीचा किस्सा पुरा मांगता! बुढ्याले हेच काम ठेवलं हाय काय? सांगतो. पन मंधात कोनी हासलं, तं कप ठेवून उठीन!

गोऱ्या सायबाचं राज्य होतं तवाची गोष्ट. अकोल्याच्या बजारात मी तिखट विकत होतो. बाजूले रहमान पिंजाऱ्याचं गाद्यायचं दुकान. माहं पयलं पोट्टं नामा, आठ महिन्याचं, असं गुबगुबीत का जसं कापसाचं गाठोडं! गिऱ्हाइकाले आधी पोट्ट्याची तारीफ ऐकवत होतो, मंग तिखट देत होतो.

रहमान रोज डाफरे, "अबे गोइंदा, माशाअल्ला मन ना! ज्यानं देलं त्याचं नाव घे. बापाची नजर पयले लागते."

"बापाची कुठं नजर लागते काय? तू गादी भर!"

अन् झालं! पोट्ट्यानं दूध सोडलं. एक दिवस झाला, दोन झाले. नुसतं किरकिर करे अन् तोंड फिरवे. वैद्याच्या पुड्या झाल्या, मीठ-मोहरी झाली. बायको मने, "रहमानभाऊची घरवाली सांगून राह्यली, सांजच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात लेकरू घेऊन उभं राहाचं. नमाजी लोक दुवा पढून फुंकर घालतेत."

मी गरजलो, "माह्या पोट्ट्याले कोनाची फुंकर नाही पाहिजे! घरातून पाय काढाचा नाही!"

त्याच सांजी रहमान नमाजाले गेलता, अन् त्याचं गिऱ्हाईक बैलगाडी जुतून वरडून राह्यलं होतं. गेलो बोलवाले. उघड्या डोक्यानं आत कसं जावं? खांद्यावरचा दुपट्टा डोक्या-कानाले गुंडाळला. आंगनात पाय ठेवतो तं नमाज सुटली. सारे उठले. मी घाबरून मांगं फिरलो, अन् दारातून सर्व्यात पयले बाहीर कोन? मी!

बाहीर बायायची रांग. हिंदूच्या, मुसलमानाच्या, सर्व्याच्या. एका बुढीनं नातू माह्या तोंडाशीच धरला. "बेटा, पढ के फूंक दे."

"माय, मी तं तिखटवाला..."

ऐकते कोन! मनात रामाचं नाव घेतलं अन् मारली फुंकर. आता दिवसभर तिखट चाळलेल्या मानसाच्या मिशीत काय रायते, सांगा? पोट्टं शिंकलं!

"नजर निकली रे!" बुढी खूष. लगे दुसरं लेकरू पुढं. फुंकर. शिंक!

तिसरी बाई हनुवटीपर्यंत पदर ओढून होती. मी फुंकलो, तं लेकरानं माही मिशीच धरली! पाहतो तं मनगटात काळा दोरा. मीच बांधलेला!

"तू?"

"तुमी?" पदरातून आवाज.

नामा सातदा शिंकला. मंग लालबुंद झाला अन् त्यानं दमच धरला. आवाज नाही, हालचाल नाही. हाय बाप्पा! मी वरडलो, "मारलं! म्या माह्याच पोट्ट्याले मारलं!"

तवाच रहमान धावत आला. त्यानं पोट्ट्याचं तोंड पान्यानं पुसलं, मांडीवर घेतलं, डोळे मिटून हळूहळू पढला अन् तीनदा फुंकला. नाम्यानं असा टाहो फोडला का अख्खी गल्ली जमा झाली! मंग आईच्या पदरात शिरला अन् दूध पेला. पेतच राह्यला. बायको रडे, मी रडो, बुढी आमाले पाहून रडे.

रहमान माह्या मिशीकडे पाहून मने, "दुवा माही, शिंका तुह्या. वरच्यानं दोनी चालवून घेतल्या."

बुढीनं इचारलं, "बेटी, नजर किसकी थी?"

बायकोनं सर्व्या गल्लीसमोर माह्याकडे बोट केलं!

तवापासून लेकराकडे पाहाच्या आधी मिशी धुतो, अन् तारीफ कराच्या आधी माशाअल्ला मनतो. पन एका जनाची माफी अजून बाकी हाय. माहा हुकूम मोडून, मले न इचारता, माहं लेकरू वाचवाले गेली. वर बोटही माह्याकडेच केलं! इतके वर्सं झाले, एका शब्दानं माफी नाही मांगली. कोन मनता? ते काय, चुलीपाशी तोंडाले पदर लावून हासून राह्यली. माही सखू.