दरवाजा नसलेला किल्ला

वडगावात आमच्या शेजारी राहणारे आबा कुठल्याच प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाहीत. आधी मफलरचं टोक ओढतात, मग म्हणतात, "बघू की."

दिवाळीत त्यांच्या लहान नातीनं फाटकातच मातीचा किल्ला केला. आम्ही आमच्या पोराला लोहगडाचा फोटो समोर ठेवून बुरूज करायला लावले होते. हिनं नुसता मातीचा बांध वाट्टेल तसा वळवत नेला, दरवाजा ठेवलाच नाही. ती मागेल तेवढी माती आबा आणून द्यायचे. असं कर, तसं कर, हे मात्र चुकूनही बोलले नाहीत.

संक्रांत झाली तरी किल्ला तिथंच आहे. आबांची स्कूटर रस्त्यावर धूळ खाते आणि आबा मागच्या बोळातून घरात जातात.

"आबा, मोडा की आता तो," मी म्हणालो.

"तिचं झालं न्हाई अजून," ते म्हणाले. "आन् मला आत बी घेतलं न्हाई."

चेहऱ्यावर हसू नव्हतं. याला लाड म्हणावं, शहाणपण म्हणावं की नुसता आळस, मला काही ठरवता येईना.

काल आबा आणि मी बांधापाशी उभे होतो. मी नातीलाच विचारलं, "दरवाजा कुठंय गं?"

"काका, तुम्ही आतच आहात की."

"आणि आबा?"

"ते बाहेर."

आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो. आबांनी मफलरचं टोक ओढलं आणि ते माझ्यापासून जरा लांब सरकले.