उंचीच्या निम्मी कंबर

नववीला मी देवगाव रंगारीहून औरंगाबादेत आले. माझा मोठा भाऊ वाळूजच्या एका कंपनीत मशिनवर होता आणि बजाजनगरात एक खोली भाड्याने घेऊन राहायचा. शहरातली शाळा बरी म्हणून आई-वडिलांनी मला त्याच्याकडं पाठवलं. दादाला बहुतेक दुसरी पाळी असायची. मी शाळेतून यायच्या आधी तो निघून जायचा आणि तो परत यायचा तेव्हा मी झोपलेली असायची. सकाळी मी वेणी घालायची, तेव्हा तो तोंडावर चादर ओढून पडलेला असायचा. एका खोलीत राहून आमची भेट एवढीच.

तो वरणभात करून ठेवायचा. तो मी आल्या आल्या संपवायची. मग दिवेलागण व्हायची. आजूबाजूच्या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या, भांड्यांचे आवाज, कुणाला तरी हाक मारून जेवायला बोलावणं ऐकू यायचं. तेव्हा मी पुन्हा खायला बसायची. भूक नसायची. खारी, टोस्ट, शेव, कोपऱ्यावरच्या बेकरीतले क्रीमरोल. डबा उघडला की आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. माझा समज असा होता, की मला शेव फार आवडते.

हातापायांनी मी काडीच होते. त्यामुळं त्या वर्षी दवाखान्यातून एक डॉक्टर मॅडम शाळेत मुलींची तपासणी करायला आल्या, तेव्हा मी निर्धास्त होते. वर्गातल्या दोन जाड मुली मात्र सकाळपासून रडवेल्या झाल्या होत्या. वाचनालयाच्या खोलीत पडदा लावला होता. वजनकाट्यावर माझं वजन उंचीच्या मानाने अगदी बरोबर भरलं. मी चप्पल घालायला वाकले तर मॅडम म्हणाल्या, "थांब, अजून टेप राहिली."

त्यांनी शेवटच्या बरगडीखाली बोट ठेवलं, कमरेचं हाड चाचपलं आणि दोन्हींच्या मधोमध टेप गुंडाळली.

"श्वास सोड. पोट आत ओढू नको."

"नाही ओढलं."

"ओढलंयस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

मी पोट सोडलं. त्यांनी आकडा पाहिला, पुन्हा एकदा मोजलं. मग मला समजेल अशा भाषेत सांगितलं, की काटा हाड, मांस, चरबी सगळं एकत्रच तोलतो. पोटाभोवती किती साचलंय ते त्याला कळत नाही. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी, माझी बाहेर गेली होती. "घरी टेप नसली तर दोरी घे. उंचीएवढी काप, दुमड आणि कमरेला लावून बघ. टोकाला टोक भिडलं पाहिजे. आणि हे बघ, हा आजार नाही. आधी लक्षात आलं एवढंच. घरच्यांना घेऊन ये."

पडद्याबाहेर रांगेतल्या मुलींना सगळं ऐकू गेलं होतं. दुपारच्या सुट्टीत एक जण म्हणाली, "काडीला वांगं लागलंय." सगळ्या हसल्या. त्या दोन जाड मुलीही हसल्या, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच हसणं त्यांच्यावर नव्हतं. त्यानंतर मी डबा एकटीनंच, मैदानाच्या कडेला बसून खाऊ लागले.

दादाला सांगायला मला रविवारपर्यंत थांबावं लागलं. त्याने गावी फोन केला आणि दोन दिवसांनी आई एसटीने आली. पिशवीत भाकरी, ठेचा आणि माझ्यासाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू. मला बघून ती म्हणाली, "पोर तर वाळून गेलीया. कोण म्हणतं हिला चरबी हाय?"

मी मॅडमनी सांगितलेली दोरीची गोष्ट सांगितली. तिला पटेना. म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीचा उरलेला तुकडा घेतला, भिंतीला पाठ लावून माझ्या उंचीएवढा कापला, दुमडला, कमरेला लावला. चार बोटं कमी पडला. आईने दोरी हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, "माझं बघ बरं."

तिच्या उंचीची दोरी दुमडून तिच्या कमरेला लावली, तर टोकं एकमेकांवरून जाऊन वीतभर उरली. मला हसू आलं. पण तिच्याजवळ उभी होते म्हणून दिसलं, की पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबताहेत. मी घरी होते तेव्हा त्या घट्ट बसायच्या.

"आई, तू जेवतेस का?"

"जेवते की."

"काय जेवतेस?"

"तुझे आबा भाकर बांधून रानात जात्यात, अंधार पडल्यावर येत्यात. दिवसभर घरात मी एकटी. एकटीसाठी कोण ताट वाढून घेतंय? चहा व्हतो, चतकोर भाकर व्हती. लई झालं तेवढं."

घर रिकामं झालं म्हणून ती तिकडं खाईना आणि मी इकडं खायची थांबेना. हे मी तेव्हा तिला बोलून दाखवलं नाही. तिलाही कळलं असावं, कारण तिने लाडवांचा डबा पिशवीत परत ठेवला.

आईला घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा मॅडमनी उपास करू नको म्हणून बजावलं. बेकरीतलं बंद, जेवण दोन वेळा पोटभर, आणि संध्याकाळी खोलीत बसायचं नाही. आई आठवडाभर राहिली. त्या आठवड्यात मला शेवेची आठवणही झाली नाही. मग कापूस वेचणीला आला आणि ती गेली. ती गेल्यावरची संध्याकाळ आधीच्या सगळ्या संध्याकाळींपेक्षा वाईट होती. मी खोलीला कुलूप लावलं आणि चालत निघाले. चालत चालत दादाच्या कंपनीच्या गेटवर पोचले. रखवालदाराने त्याला बोलावलं. तो धावतच आला.

"काय झालं? घरी काही झालं का?"

"काही नाय. तुझी जेवायची सुट्टी कधी असती?"

त्याने घड्याळात बघितलं. मग आत जाऊन डबा घेऊन आला. गेटजवळच्या कठड्यावर बसून आम्ही त्याची गार झालेली पोळीभाजी अर्धी अर्धी खाल्ली. परत निघताना त्याने ओळखीच्या रिक्षात बसवलं आणि म्हणाला, "असं एकटी येऊ नको." त्याने दुसऱ्या एका कामगाराशी बोलून पाळी बदलून घेतली. एक आठवडा तो संध्याकाळी घरी असायचा, एक आठवडा नसायचा. नसायचा त्या आठवड्यात मी कॉलनीला फेऱ्या मारायची. सोबत कुणी नसे. लोकांच्या उघड्या दारांतून ताटं दिसायची.

दहावीत मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा माझी कंबर निम्म्याच्या आत होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

त्या वर्षी दिवाळीत गावी गेले तेव्हा आईचं एकटीचं जेवण तसंच होतं, ते मी आबांना सांगितलं. तंबाखू मळता मळता ते थांबले. "मला ठावंच नव्हतं," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी रानातून घरी यायला लागले. दोघं फारसं बोलत नसत. आई वाढायची, मग स्वतःचं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसायची. सुट्टी संपल्यावर मी शहरात परतले. त्या आठवड्यात दादाची दुसरी पाळी होती.